नव्या वह्यांची दुखणी

दिवाळीत वहीपूजन करणाऱ्या घरांत अलीकडे एक मौजेची पंचाईत होऊन बसली आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची वही पाटावर मांडावी, पहिल्या पानावर गंधाने ‘श्री’ काढावा, हळदकुंकू वाहावे, हे सारे यथासांग होते; परंतु वर्षाचा खरा जमाखर्च त्या वहीत नसतोच मुळी. तो असतो डेटाबेसात. दुकानातला माल, दवाखान्यातील रोग्यांची टिपणे, वाचनालयाच्या सभासदांची वर्गणी, सहकारी गृहसंस्थेचे थकबाकीदार, ही सर्व मंडळी आता कोष्टकांच्या रूपाने तिथे वस्तीला गेली आहेत. पूजा वहीची आणि भिस्त मात्र पेटीवर!

वही सहसा बिघडत नाही. फार तर तिला वाळवी लागते किंवा तिच्यावर चहा सांडतो. डेटाबेस मात्र बिघडतो, निदान बिघडल्यासारखा दिसतो, आणि मग ह्या सदराकडे पत्रे येतात. ‘आमचा डेटाबेस चालत नाही, उपाय सुचवावा’ एवढ्या एका ओळीचीही पत्रे येतात. वैद्याला ‘मला बरे नाही’ एवढेच कळवून औषध मागवावे, त्यातलाच हा प्रकार. तेव्हा फराळाआधी कारीट फोडायचे असते त्या न्यायाने हा कडवट विषय एकदाचा हातावेगळा करू.

पत्रांत प्रामुख्याने नावे येतात ती दोन. एक मायएसक्यूएल आणि दुसरे पोस्टग्रेसक्यूएल, ज्याला लाडाने नुसते ‘पोस्टग्रेस’ म्हणतात. दोन्ही विनामूल्य मिळतात आणि दोन्हींची आतली घडण कोणालाही उघडून वाचता येते. मूळ पुरुष एकच: आयबीएम कंपनीतील एडगर कॉड. माहिती कोष्टकांच्या रूपाने मांडावी आणि गणिताच्या नियमांनी ती हवी तशी जुळवून काढावी, ही कल्पना त्यांनी १९७० साली एका निबंधात मांडली. पोस्टग्रेस हा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील आवारात १९८६ पासून वाढला. मायएसक्यूएलचा जन्म १९९५ चा, स्वीडनमधला. तिच्या जनकांपैकी माँटी विडेनियस ह्यांनी तिला आपल्या थोरल्या मुलीचे नाव दिले. हे नाव रोमन अक्षरांत ‘माय’ असे वाचले जाते, त्यामुळे परक्याच्या लेकीला आपण सगळे ‘माय’ म्हणून हाक मारतो. पुढे २००८ साली सन कंपनीने आणि २०१० साली सनसकट ओरॅकल कंपनीने हे बिऱ्हाड घेतले. त्या गडबडीत विडेनियस ह्यांनी वेगळी चूल मांडली आणि धाकट्या मुलीच्या नावावरून तिला मारियाडीबी म्हटले. खाली मायएसक्यूएलविषयी जे येईल ते बहुतांशी मारियाडीबीलाही लागू समजावे. सख्ख्या बहिणींची दुखणीही सारखीच असतात.

सर्वांत जास्त माणसे अडतात ती दाराशीच. येथे दोन अगदी निरनिराळ्या तक्रारी लोक एकच समजतात. सर्व्हरशी ‘कनेक्ट होता येत नाही’ असा संदेश आला, तर घरात कोणी नाही, किंवा आपण भलत्याच दारावर थाप मारतो आहोत. ‘ॲक्सेस डिनाइड’ असे आले, तर मात्र घरात माणूस आहे. त्याने दार किलकिले केले, आपल्याला न्याहाळले आणि परत लावून घेतले. पहिल्या प्रकारात सर्व्हर चालू आहे की नाही ते पाहावे आणि दाराचा क्रमांक तपासावा. मायएसक्यूएलचा ठरलेला क्रमांक ३३०६ आणि पोस्टग्रेसचा ५४३२. दुसऱ्या प्रकारात सर्व्हर दहादा बंद-चालू करण्यात काही हशील नाही. तो जागाच आहे.

मायएसक्यूएलच्या ह्या नकाराच्या शेवटी कंसात तीन शब्द असतात: ‘यूझिंग पासवर्ड’ आणि पुढे ‘येस’ किंवा ‘नो’. हे तीन शब्द बहुतेक कोणी वाचत नाही. ‘नो’ असेल तर परवलीचा शब्द चुकलेला नाही. तो पाठवलाच गेलेला नाही. अशा वेळी परवलीचा शब्द बदलत बसणे म्हणजे पत्र टपालात न टाकता पत्ता सुधारत बसणे होय. शिवाय मायएसक्यूएल माणसाला नुसत्या नावाने ओळखत नाही; नाव आणि तो कोठून आला ते ठिकाण, अशा जोडीने ओळखते. सदाशिव पेठेतले जोशी वेगळे आणि दादरचे जोशी वेगळे. तसेच त्याच यंत्रावरून आलेला ‘रूट’ आणि शेजारच्या यंत्रावरून आलेला ‘रूट’ हे तिच्या लेखी दोन स्वतंत्र गृहस्थ, आणि एकाची परवली दुसऱ्याला चालेलच असे नाही.

पोस्टग्रेसची तऱ्हा थोडी निराळी. कोण कोठून आला असता त्याला कोणती खूण विचारावी ह्याची एक यादी ‘पीजी एचबीए’ नावाच्या फाइलीत असते. यादी वरून खाली वाचली जाते आणि पहिली जुळेल ती ओळ हाच निकाल. तळाशी कितीही उदार ओळ लिहिली तरी वरच्या कडक ओळीपुढे तिचे काही चालत नाही. आणि फाइल बदलल्यावर ती पुन्हा वाचण्याची आज्ञा सर्व्हरला द्यावी लागते, हेही पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही.

ह्या दाराशी एक भोंदू उपाय फार बोकाळला आहे. तो म्हणजे सगळ्या फाइली सगळ्यांना लिहायला मोकळ्या करून टाकणे. कोणीतरी मित्र सांगतो आणि आपण करतो. गंमत अशी, की आपल्या माहितीच्या फोल्डरला परके हात लागू शकतात असे दिसले की पोस्टग्रेस सुरू होण्यासच नकार देतो. आणि मायएसक्यूएल अशी उघडी टाकलेली मांडणीची फाइल खुशाल वगळून पुढे जाते. एक तक्रार घेऊन गेलो आणि दोन घेऊन आलो, असे होते.

आता रोजकीर्दीकडे वळू. पेढीवर ज्यांनी काम केले आहे त्यांना रोजकीर्द आणि खतावणी ह्यांतला फरक सांगायला नको. व्यवहार घडला की तो आधी रोजकीर्दीत, घडला त्या क्रमाने उतरायचा. मग सवडीने ज्याच्या त्याच्या खात्यावर खतवायचा. डेटाबेस नेमके हेच करतो. ‘रक्कम जमा झाली’ असे आपल्याला सांगण्याआधी ती नोंद त्याच्या रोजकीर्दीत पक्की झालेली असते. खतावणी मागाहून होते. मध्येच वीज गेली तर पुन्हा सुरू होताना तो रोजकीर्द उघडतो आणि राहिलेले खतवतो. म्हणून वीज गेल्यानंतर सर्व्हर उठायला वेळ लागला, तर चिडून पुन्हा बटण दाबू नये. तो बिचारा खतवत बसला आहे.

पोस्टग्रेसमध्ये ही रोजकीर्द ज्या फोल्डरात असे त्याचे नाव होते ‘पीजी एक्सलॉग’. आता ‘लॉग’ म्हणजे जुन्या टिपणांची रद्दी, अशी संगणक वापरणाऱ्यांची सर्वसाधारण समजूत. डिस्क भरली, की मंडळी शोधत शोधत ह्या फोल्डरापाशी येत आणि तो रिकामा करीत. खात्यावर न चढलेले व्यवहार त्याबरोबर जात आणि सर्व्हर पुन्हा उठत नसे. ह्या गफलती इतक्या झाल्या, की २०१७ साली दहाव्या आवृत्तीत त्या फोल्डराचे नाव बदलून ‘पीजी वॉल’ ठेवण्यात आले. दुसऱ्यांदा बारसे करण्याला एवढे सबळ कारण क्वचितच मिळत असेल. मायएसक्यूएलच्या ‘बिनलॉग’ नावाच्या फाइलीही अशाच हाताने पुसू नयेत. त्या काढून टाकण्यासाठी ‘पर्ज’ ही तिची स्वतःची आज्ञा आहे. तिला सांगून काढल्या म्हणजे तिच्या यादीत घोळ होत नाही.

डिस्क खरोखरच भरली असेल तर डेटाबेसच्या घराबाहेरचे सामान आधी हलवावे: जुनी चित्रे, उतरवून ठेवलेले कार्यक्रम, गेल्या वर्षीच्या दाबून ठेवलेल्या प्रती. नाहीतर डिस्क वाढवावी. श्वास घेण्यापुरती जागा झाली, की मग कारण शोधावे. पुष्कळदा ते असे निघते: रोजकीर्दीची नक्कल दुसऱ्या एखाद्या यंत्राकडे रोज पाठवायची असते, ते यंत्र सहा महिन्यांपूर्वी कोणीतरी भंगारात काढलेले असते, आणि इकडे सर्व्हर त्याच्यासाठी इमानाने एकेक पान राखून ठेवीत असतो.

‘टू मेनी कनेक्शन्स’ ह्या तक्रारीवर फार वेळ घालवीत नाही. मायएसक्यूएल मुळात १५१ आणि पोस्टग्रेस १०० जणांना एका वेळी आत घेतो. हा आकडा वाढवणे सोपे आहे आणि बहुधा निरुपयोगी आहे. आत बसलेल्यांची यादी मागवून पाहावी. अर्धे लोक काम संपूनही खुर्ची न सोडलेले आढळतील. दोष कार्यक्रम लिहिणाऱ्याचा. त्याने उघडलेले दार त्याने लावले पाहिजे. दोन्ही सर्व्हर अशा गर्दीतही कारभाऱ्यासाठी एखादी खुर्ची वेगळी राखून ठेवतात. म्हणूनच रोजच्या कामाला कारभाऱ्याचे नाव वापरू नये. नाहीतर अडचणीच्या वेळी त्याच खुर्चीवर आपलाच कार्यक्रम बसलेला सापडायचा.

‘डेडलॉक’ ह्या शब्दाने मात्र उगीच घाबरू नये. एका कारकुनाच्या हाती रोखीची वही आहे आणि त्याला मालाची हवी आहे. दुसऱ्याच्या हाती मालाची आहे आणि त्याला रोखीची हवी आहे. दोघेही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसले, म्हणजे संध्याकाळपर्यंत काम नाही. डेटाबेस हे ओळखतो आणि एकाला सरळ ‘तू वही ठेव आणि पहिल्यापासून सुरू कर’ म्हणून सांगतो. तो संदेश म्हणजे बिघाड नव्हे, बिघाडाचा उपाय होय. कार्यक्रमाने तो व्यवहार पुन्हा करावा, एवढेच. वारंवार होत असेल, तर सर्व कारकुनांनी वह्या एकाच क्रमाने उचलाव्यात असा दंडक घालावा.

आता मंदपणा. ‘पूर्वी झटकन यादी येई, आता चहा होतो तरी येत नाही.’ टेलिफोनची जाडजूड डिरेक्टरी ज्यांनी हाताळली आहे त्यांना ह्याचे कारण लवकर पटेल. आडनावाने शोधायचे असेल तर डिरेक्टरी मधोमध उघडावी, पुढे की मागे ते पाहावे, पुन्हा त्या अर्ध्याचे अर्धे करावे. दहा लाख नावे असली तरी वीस वेळा अर्धे केले की नाव सापडते. पण ‘ज्यांच्या आडनावाचा शेवट करांनी होतो ते सारे काढा’ असे कोणी म्हटले, तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचण्यावाचून गत्यंतर नाही. डेटाबेसची सूची, म्हणजे इंडेक्स, अशीच असते. ती असून उपयोग नाही. आपला प्रश्न तिच्या क्रमात बसला पाहिजे. ‘एक्सप्लेन’ ही आज्ञा प्रश्नाच्या आधी लावली, की सर्व्हर उत्तर कसे शोधणार आहे ते सांगतो: सूचीतून की पानन् पान वाचून. मंदपणाची तक्रार लिहिण्यापूर्वी ही एक आज्ञा प्रत्येकाने दिली तर आमची निम्मी टपालहशील वाचेल. आणि म्हणून प्रत्येक रकान्याला सूची करून ठेवण्याचा उत्साहही नको. एक नोंद लिहिली, की प्रत्येक सूचीत ती घालावी लागते.

पोस्टग्रेसच्या मंदपणाला आणखी एक कारण असते, आणि ते दिवाळीच्या तोंडावर सांगणे उचितच आहे. तो जुनी नोंद खोडत नाही. पत्ता बदलला तर नवी नोंद लिहितो आणि जुनी तिथेच ठेवतो, कारण त्या क्षणी दुसरा कोणी जुनी वाचत असू शकतो. हा केर झाडायला ‘व्हॅक्यूम’ नावाचा गडी ठेवलेला आहे. तो आपणहून फिरतो. पण एखादा मनुष्य व्यवहार उघडून जेवायला निघून गेला, तर तो येईपर्यंत त्यानंतरचा केर ह्या गड्याला उचलता येत नाही. न जाणो, परत आल्यावर त्याला तेच पाहायचे असेल! काही शहाणे तर ‘हा फिरतो म्हणून यंत्र मंद होते’ असे समजून गड्यालाच रजा देतात. त्याचे फळ उशिरा पण भयंकर मिळते. पोस्टग्रेसचे व्यवहारांचे अनुक्रमांक सुमारे चार अब्जांपर्यंत जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, आणि झाडझूड झालेली नसेल तर जुने कोणते आणि नवे कोणते ह्याचा उलगडा होईनासा होण्याचा धोका उभा राहतो. तसे होण्याच्या आत सर्व्हर नवे काही लिहून घेणेच थांबवतो. नवशिक्यांचीच ही गत होते असे नाही. २०१५ च्या जुलैत सेंट्री ह्या सेवेचे आणि २०१९ च्या फेब्रुवारीत मँड्रिल ह्या टपालसेवेचे काम ह्याच कारणाने विस्कटले; मँड्रिलला सावरायला दीड दिवसाहून अधिक वेळ लागला.

आमच्या वाचकांचा सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न मात्र वेगळाच आहे, आणि इंग्रजी पुस्तकांत तो पानाच्या तळाशी दोन ओळींत उरकलेला असतो. मराठी अक्षरांचे काय?

सभासदाचे नाव मराठीत भरले आणि यादीत पाहिले तर नुसती प्रश्नचिन्हे! किंवा त्याहून विचित्र, रोमन ‘ए’ च्या डोक्यावर तिरपी रेघ, पुन्हा तसाच ‘ए’, मधूनच जपानी येनची खूण. लोक दोन्ही प्रकारांना ‘फाँटची भानगड’ म्हणतात. फाँटचा येथे संबंध नाही, आणि दोन्ही प्रकार एक तर मुळीच नाहीत. एकातून माहिती वाचते आणि दुसऱ्यातून ती गेलेली असते.

मायएसक्यूएल स्वीडनची असल्यामुळे ५.७ आवृत्तीपर्यंत, आपण दुसरे काही सांगितले नाही तर, ती अक्षरे ‘लॅटिन१’ ह्या पश्चिम युरोपीय संचात ठेवी आणि नावांचा क्रमही स्वीडिश पद्धतीने लावी. अशा रकान्यात कुलकर्णी आणि देशमुख शिरले, की त्या संचात ‘क’ ही नाही आणि ‘द’ ही नाही. मग सैल शिस्तीच्या सर्व्हरने प्रत्येक चिन्हाच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह लिहून मोकळे व्हावे. ‘मराठी’ ह्या शब्दाची पाच प्रश्नचिन्हे होतात, कारण काना आणि वेलांटी वेगळी मोजली जाते. ही पाच प्रश्नचिन्हे खरोखरीची प्रश्नचिन्हे असतात. मूळ अक्षर कोठेही शिल्लक नसते. कोणताही फाँट, कोणताही पंडित ते परत आणू शकत नाही; कागदावरचे अर्ज जपून ठेवले असतील तर पुन्हा भरावेत.

टोपीवाल्या ‘ए’ ची गोष्ट निराळी. आपले प्रत्येक देवनागरी चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइटांचे असते आणि त्यांतला पहिला बाइट नेहमी एकच असतो. लॅटिनच्या चष्म्यातून पाहिले तर तो बाइट म्हणजे तो टोपीवाला ‘ए’. म्हणून तो दर तिसऱ्या जागी दिसतो. म्हणजे बाइट शाबूत आहेत, त्यांच्यावरची चिठ्ठी चुकलेली आहे. अशा वेळी रकान्याला आधी ‘हे नुसते बाइट आहेत, अक्षरे नव्हेत’ असे सांगावे आणि मग ‘ही यूटीएफ-८ अक्षरे आहेत’ असे सांगावे. नावे पुन्हा उभी राहतात. सरळ एका उडीत लॅटिनमधून यूटीएफ-८ मध्ये ‘बदलून’ घेतले, तर मात्र सर्व्हर त्या टोपीवाल्या ‘ए’ लाच खरा समजून त्याचे रीतसर भाषांतर करतो आणि गुंता दुप्पट होतो. अर्थात हा प्रयोग मूळ कोष्टकावर नव्हे, त्याच्या नकलेवर करावा.

नवी मांडणी करताना ‘यूटीएफ८एमबी४’ हेच नाव घ्यावे. मायएसक्यूएलमधला नुसता ‘यूटीएफ८’ हा तीन बाइटांपर्यंतच पोहोचतो. मराठीला तो पुरतो, पण सूनबाईंनी शुभेच्छांबरोबर एखादे हसरे तोंड पाठवले की ते चार बाइटांचे असल्यामुळे सगळी नोंदच नाकारली जाते. २०१८ च्या ८.० आवृत्तीपासून हा चार बाइटांचा संच आपोआप मिळतो. जुन्या मांडण्या मात्र जुन्याच राहतात.

ह्यापुढची एक अडचण केवळ आपली आहे. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ ह्यांतला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. कागदावर दोन्ही एकच दिसतात, पण साठवणीत वेगळी चिन्हे असतात. एका कारकुनाने एका तऱ्हेने भरलेले गाव दुसऱ्याला त्याच्या तऱ्हेने शोधले तर सापडत नाही, आणि तो सरळ दुसऱ्यांदा भरतो. उपाय एकच: भरतानाच सर्व नोंदी एका तऱ्हेवर आणणारी चाळणी कार्यक्रमात बसवणे. क्रमाचेही तसेच. चिन्हांच्या नुसत्या अंकांप्रमाणे लावले तर ‘ळ’ हा ‘ल’ च्या पाठीला येतो. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’ च्या नंतर. पोस्टग्रेसमध्ये २०१७ पासून भाषावार क्रम लावण्याची चांगली सोय आहे, ती मागून घ्यावी.

आणि क्रमाचा विषय निघाला आहे म्हणून सांगतो. पोस्टग्रेस पुष्कळदा शब्दांचा क्रम स्वतः ठरवीत नाही, खालच्या लिनक्स प्रणालीला विचारतो. २०१८ साली त्या प्रणालीच्या मूळ ग्रंथालयात, जीलिबसीच्या २.२८ आवृत्तीत, हा क्रमच बदलला. ज्यांनी खालची प्रणाली नवी केली आणि वरचा डेटाबेस जुनाच ठेवला त्यांच्या सूच्या जुन्या क्रमाने लागलेल्या आणि शोध नव्या क्रमाने, असे झाले. असलेली नोंद नाही म्हणून उत्तर येई, आणि जिथे दुहेरी नोंद अशक्य तिथे दुहेरी नोंद होई. ‘रीइंडेक्स’ ह्या आज्ञेने सूच्या नव्याने बांधल्या की भागते. पण त्यासाठी आपण खाली काय बदलले हे आठवले पाहिजे.

आता कडक औषधांविषयी. सर्व्हर उठतच नाही, एरर लॉगमध्ये भयंकर मजकूर आहे, अशा वेळी कोणीतरी मायएसक्यूएलचा ‘फोर्स रिकव्हरी’ नावाचा काढा सुचवतो. त्याला १ ते ६ अशा मात्रा आहेत. ३ पर्यंत ठीक. ४ पासून पुढे माहिती कायमची बिघडू शकते, असे त्याच्या कर्त्यांनीच लिहून ठेवले आहे. उतावळा मनुष्य एकदम ६ घेतो. पोस्टग्रेसचे ‘रीसेटवॉल’ हेही त्याच जातीचे. ह्यांतले काहीही पाजण्यापूर्वी सर्व्हर पूर्ण बंद करून त्याचे सबंध फोल्डर जसेच्या तसे दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवावे. रोगी दगावला तरी दुसऱ्या वैद्याला दाखवायला निदान आणखी एक रोगी शिल्लक राहतो. हे औषधशास्त्रात शक्य नाही, येथे आहे. मग त्याचा लाभ का न घ्यावा?

आणि आता बॅकअप, म्हणजे राखीव प्रत. ‘ती आमची रोज रात्री आपोआप होते’ असे सगळेच सांगतात. गिटलॅब ही कंपनीही तसेच सांगत होती.

हजारो कार्यक्रमकार आपले काम जिथे ठेवतात अशी ही सेवा, माहिती पोस्टग्रेसमध्ये. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथे मुख्य सर्व्हर आणि त्याची नक्कल ठेवणारा दुय्यम सर्व्हर ह्यांचा मेळ बसेना. दिवसभर काम करून थकलेल्या एका कर्मचाऱ्याने ठरवले, की दुय्यम यंत्रावरचे फोल्डर रिकामे करून नक्कल पहिल्यापासून सुरू करावी. निर्णय बरोबर होता. पण आज्ञा दिली गेली ती मुख्य यंत्रावर. एकदोन सेकंदांत त्याच्या ते लक्षात आले आणि त्याने आज्ञा थांबवली, तोपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी साडेचार उरले होते.

मग राखीव प्रती शोधायला सुरुवात झाली. रोज प्रत काढून दूरच्या कोठारात ठेवणारी व्यवस्था होती. कोठार उघडले तर रिकामे. प्रत काढणारे हत्यार पोस्टग्रेसच्या ९.२ आवृत्तीचे आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे ते दर रात्री नकार देऊन परत जात होते. नकाराची सूचना टपालाने पाठवण्याची सोय होती. ती टपाले, पाठवणाऱ्याची सही नीट नाही म्हणून, वाटेतच नाकारली जात होती. डिस्कचे छायाचित्र घेण्याची सोय होती; ती ह्या यंत्रांपुरती चालू केलेली नव्हती. दुय्यम सर्व्हर तर आधीच रिकामा करून ठेवलेला. वाचवले ते एका योगायोगाने: दुसऱ्याच कामासाठी त्याच कर्मचाऱ्याने सहा तासांपूर्वी हाताने एक प्रत काढली होती. तिच्यावरून सर्व उभे करायला अठरा तासांच्या आसपास लागले, आणि ते काम कंपनीने लोकांना थेट पाहू दिले. मधल्या सहा तासांतले सुमारे ५००० प्रकल्प, तितकेच अभिप्राय आणि ७०० नवी खाती मात्र गेली ती गेलीच. कंपनीने ही हकीकत काही न लपवता प्रसिद्ध केली, म्हणून ती आपल्याला ठाऊक आहे. त्या कर्मचाऱ्याला दोष देण्यापेक्षा पाच कुलुपांतले एकही लागत नव्हते हे कोणी पाहिले का नाही, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला, हे आम्हांला विशेष वाटते.

दुय्यम सर्व्हर म्हणजे राखीव प्रत नव्हे, हेही ह्याच ओघात सांगून टाकतो. ‘कोणाची’ ते न सांगता नुसते ‘नोंदी पुसून टाक’ अशी आज्ञा सुटली, तर ती क्षणार्धात दुय्यम यंत्रापर्यंत पोहोचते आणि तिथेही तितक्याच आज्ञाधारकपणे पाळली जाते. मायएसक्यूएलच्या कर्त्यांना हा मनुष्यस्वभाव ठाऊक आहे. अशी मोघम आज्ञा नाकारणारा एक पर्याय त्यांनी दिला आहे आणि त्याचे एक नाव, इंग्रजीत, ‘मी मठ्ठ आहे’ असे ठेवले आहे. आम्ही तो बेलाशक लावून ठेवतो. चालू सर्व्हरचे फोल्डर तसेच उचलून पेनड्राइव्हवर ठेवणे हीही प्रत नव्हे. पहिली फाइल उतरेपर्यंत शेवटची बदललेली असते. मायएसक्यूएलला ‘मायएसक्यूएलडंप’, तेही ‘सिंगल ट्रॅन्झॅक्शन’ ह्या पर्यायासह, आणि पोस्टग्रेसला ‘पीजी डंप’, आणि तो डेटाबेसच्याच किंवा त्याहून नव्या आवृत्तीचा.

पाडव्याला नवी वही उघडाल त्या दिवशी घरातल्या किंवा संस्थेतल्या जाणत्या मुलाला एक तास बसवावे. कालची राखीव प्रत घ्यायची आणि दुसऱ्या, कोऱ्या यंत्रावर ती उतरवून डेटाबेस उभा करायचा. किती वेळ लागला तो कागदावर टिपून ठेवायचा. अडचणीच्या दिवशी लोक पहिला प्रश्न तोच विचारतात. मग सभासद मोजायचे. मूळ यंत्रावर १,२१२ असतील तर येथेही १,२१२ भरले पाहिजेत. शेवटची पावती कोणत्या तारखेची आहे ती पाहायची. कधीकधी ती गेल्या मार्चमधली निघते. आणि एक मराठी नाव उघडून वाचायचे. तिथे प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर प्रत काढतानाच अक्षरसंच चुकतो आहे असे समजावे, आणि मूळ यंत्र अजून जागेवर आहे तोवर, त्याच दुपारी, पुन्हा प्रत काढावी.